संगीत बूटशोध

'संगीत बूटशोध' या नाटकाच्या पहिल्याच तालमीत पंधरापैकी आठ मुलींना राजपुत्राने सव्वा मिनिटात घरी पाठवलं, आणि पुढच्या पाचव्या मिनिटाला त्या आठ मुलींच्या आया कस्तुरीच्या बहारीनमधल्या, झिंजच्या फ्लॅटच्या दारात उभ्या राहिल्या. इतक्या लवकर त्या पोचल्या, कारण त्या गेल्याच नव्हत्या. खाली गाड्यांमध्ये एसी लावून बसल्या होत्या. मुलगी तालमीला सोडली म्हणजे दोन तासांची निश्चिंती, असा त्यांचा रास्त समज होता.

आयांच्या पुढे होत्या रंजिताबाई. त्या अमवाजला समुद्राकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये राहत आणि मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी असल्यामुळे मंडळाच्या खऱ्या अध्यक्ष त्याच होत्या.

"कस्तुरी, विशाखाचा लेहेंगा मी पुण्याहून मागवलाय," त्या म्हणाल्या. "येऊन पोचायला अकरा दिवस लागले. आणि तू तिला एका मिनिटात घरी पाठवतेस?"

"मी नाही, राजपुत्र पाठवतो," कस्तुरी म्हणाली. "त्यातच तर सगळी गंमत आहे. बुटाचा नंबर तीन. मुली पायाच्या मापाने ओळीत उभ्या. तो सरळ मधल्या मुलीकडे जातो. तिला बूट लहान होतो. म्हणजे तिच्या पलीकडच्या सगळ्यांना तो लहानच होणार. मग त्यांना विचारायचंच नाही. अर्धी ओळ बाद. पुन्हा उरलेल्यांतली मधली. पंधरा मुलींत चार खेपांत काम होतं. कॉम्प्युटर असंच शोधतो."

"अगं, पण आम्हाला कुठे घाई आहे?" रंजिताबाई म्हणाल्या. "आम्ही वर्षातून एकदा नाटक बघतो. शोधू दे की त्याला सावकाश."

बाकीच्या सातजणींनी माना हलवल्या. शिवाय ज्यांच्या मुली ओळीच्या त्या टोकाला होत्या त्यांचा आणखी एक मुद्दा होता. मुलीचा पाय मोठा आहे हे घरात ठीक आहे, पण ते स्टेजवर, गाण्यातून, दोनशे लोकांना सांगायची काय गरज?

काचेचा बूट जिथे हरवतो ती परीकथा जगात सगळ्यांना पाठ आहे. पण त्यातला राजपुत्र गावातल्या एकूण एक मुलीच्या पायाशी बसतो तेव्हा तो प्रेमात नसून फक्त अडाणी असतो, हे शोधून काढलं ते कस्तुरीने. कुडाळच्या ज्युनियर कॉलेजात सात वर्षं तिने संगणकशास्त्र शिकवलं होतं. नाटकं तर कुडाळात जन्मलेल्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाहीत. तिने ती परीकथा घेतली, तिच्यात आपला अभ्यासक्रम कोंबला, नऊ पदं लिहिली, त्यांना जुन्या नाटकी चाली लावल्या आणि मंडळाच्या बालमेळाव्यासाठी संगीत नाटक तयार केलं. 'मधलीला विचारा, मग पुढचे बोला' हे त्यातलं पहिलं पद. नांदीत सुद्धा गणपतीला 'क्रमवारी लावणाऱ्या' असं म्हटलं होतं. हे सगळं मुलांना कळलं. अडचण पालकांची होती.

आणि हा नुसता हौसेचा मामला नव्हता. नवरा विनीत एका कंपनीत एसी डक्टचा सुपरवायझर. त्याच्या व्हिसावर कस्तुरी चार वर्षांपूर्वी बहारीनला आली. तेव्हापासून तिच्या आयडी कार्डावर 'गृहिणी' छापलेलं होतं. अकरा शाळांना तिने अर्ज पाठवले होते आणि अकरा शाळांनी 'कळवू' असं कळवलं होतं. बाराव्या, जनाबियातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका सुरैया मॅडम तेवढ्या फोनवर आल्या. मूळच्या श्रीवर्धनच्या, बोलायला मोजक्या. "सर्टिफिकिटं सगळ्यांकडे असतात," त्या म्हणाल्या होत्या. "तुमच्याकडची मुलं काय शिकली ते दाखवा. मी येते बघायला." शुक्रवारी दुपारी चार वाजता त्या येणार होत्या. अशी संधी पुन्हा येईल यावर कस्तुरीचा विश्वास नव्हता. विनीतचा तर याच संधीवर नव्हता, पण तो तसं बोलत नसे. चार वर्षांत एवढं तो शिकला होता.

तेव्हा आयांना दुखवून चालणार नव्हतं. तिने तडजोड केली. बाद झालेल्या मुली घरी जाणार नाहीत. त्या बाजूला उभ्या राहून शेवटपर्यंत 'आम्ही नव्हे, आम्ही नव्हे' हे पद म्हणतील. रंजिताबाईंनी विचारलं की ते पद पुढे उभं राहून म्हणता येईल का. कस्तुरी म्हणाली, येईल. अशा रीतीने नाटकाशी ज्या मुलींचा काही संबंध उरला नव्हता त्या प्रेक्षकांच्या अगदी जवळ आल्या, आणि नायिका अरीबा त्यांच्या पाठीमागे कुठेतरी दिसेनाशी झाली.

अरीबाच्या वडिलांनी, जमालुद्दीनभाईंनी, याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते रत्नागिरीचे. दुकानांच्या पाट्या करण्याच्या कारखान्यात त्यांचा हात सगळ्यांत साफ. काचेचा बूट त्यांनी ॲक्रिलिकचा करून देतो म्हटलं होतं. तोवर तालमी टिश्यू पेपरच्या रिकाम्या खोक्यावर चालल्या. तो खोका पंधराच्या पंधरा मुलींना येत होता, पण राजपुत्र ऋत्विक कर्तव्यदक्ष असल्यामुळे चौदाजणींना बाद ठरवायचा.

शुक्रवार उजाडला. मनामातल्या एका क्लबचा हॉल साडेपाचपर्यंत मिळाला होता. दुपारी तीनला पडद्यामागे कस्तुरी मुलींच्या ओढण्या टाचत होती आणि तिच्या तोंडात सहा सेफ्टीपिना होत्या. तेवढ्यात जमालुद्दीनभाई आले आणि त्यांनी कागदात गुंडाळलेला बूट काढला. नितळ, पारदर्शक, कडा घासूनपुसून गोल केलेल्या. बघत राहावं असं काम होतं.

"बाय, टाच नाय लावली," ते म्हणाले. "पोरगी पडली तर काय करशाल? सपाट बरा."

कस्तुरीने पिना सांभाळत मान डोलावली आणि बूट टेबलाखालच्या खोक्यात ठेवला. टेबलाखाली एकसारखे दोन खोके होते, दोन्ही संत्र्याच्या ज्यूसचे. त्यानंतर अर्धा तास जो येईल तो तिलाच विचारत होता. विनीतने विचारलं, माइकच्या बॅटऱ्या कुठे. ऋत्विकने विचारलं, "मिस, व्हेअर इज माय क्राउन?" कुणी सुतळी विचारली, कुणी पूजेचं तबक विचारलं, कुणी मुंडावळ्या विचारल्या, ज्या या नाटकात नव्हत्याच. ती प्रत्येकाला पायाने टेबलाखाली दाखवत होती.

साडेतीनला नटराजपूजन झालं. ते रावजीकाकांनी केलं. रावजी परब एका कंपनीची बस चालवायचे आणि गेली एकोणीस वर्षं मंडळाचे रंगमंच व्यवस्थापक होते. त्यांच्या व्यवस्थापनाचा मुख्य भाग म्हणजे काय काय चालणार नाही ते सांगणं. पूजा आटोपताच त्यांनी एक पोतं उचललं. शिपायांचे गमबूट, सावत्र आईच्या सॅंडल, मुलींच्या मोजड्या, विनीतच्या चपला, सगळं त्यात भरलं आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये नेऊन ओतलं. मग हॉलच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाच्या पायातलंही उतरवून घेतलं. पूजा झालेल्या हॉलात पायताण म्हणजे काय, असं ते प्रत्येकाला विचारत होते आणि उत्तराची वाट न बघता खाली बोट दाखवत होते.

चारला पाच मिनिटं असताना कस्तुरीने खोका उघडला. बूट नव्हता. दुसरा खोका उघडला. त्यात सुतळी होती आणि राजपुत्राचा मुकुट होता.

"काका, राजपुत्राचो बूट खय आसा?" रावजीकाकांशी बोलताना तिचं कुडाळ आपोआप बाहेर यायचं.

"भायर."

"भायर कित्या?"

"बाय, पूजा झाली. आता स्टेजार एकव पायताण नाय. सगळा माज्या हातान भायर नेलंय."

"अवो, पण ता पायताण न्हय. ती नाटकातली वस्तू."

"पायात घालतत?"

"घालतत."

"मगे पायताण."

इतकी काटेकोर व्याख्या तिला एमएस्सीच्या दोन वर्षांत कुणी दिली नव्हती. तिने दुसरी बाजू धरून पाहिली. "कोरो आसा काका. कोणी एकदाव घालूक नाय."

रावजीकाकांनी विचार केला. ते कडक होते, पण अन्यायी नव्हते. "कोरो आसलो तर चलात," ते म्हणाले. "जा, घेवन ये."

ती धावत कॉरिडॉरमध्ये गेली आणि थांबली. लिफ्टपासून पाण्याच्या कूलरपर्यंत पायताणांचा ढीग पसरला होता. दोनशे माणसं म्हणजे चारशे नग, आणि वर पोतं ओतलेलं. त्यातून तिला जो एक नग हवा होता त्याच्या आरपार दिसत होतं. इतका सुबक बूट केल्याबद्दल तिने जमालुद्दीनभाईंना मनातल्या मनात काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चार वाजले. आत विनीत माइकवर म्हणाला, "थोड्याच वेळात." कस्तुरीने साडीचा पदर खोचला, गुडघ्यांवर बसली आणि ढिगाच्या बरोबर मध्ये हात घातला. एक तपकिरी सॅंडल निघाली. तिने ती फेकली आणि दोन्ही हातांनी अर्धा ढीग लिफ्टच्या बाजूला ढकलून दिला.

"मिस," मागून अरीबा म्हणाली. तिच्या मागे सगळ्या मुली आणि राजपुत्र उभे होते. "ते अर्धे तुम्ही का टाकले?"

"कारण त्यात..." कस्तुरी म्हणाली आणि थांबली.

"मिस, इट्स नॉट सॉर्टेड," ऋत्विक म्हणाला. "क्रमाने नसेल तर अर्धं टाकता येत नाही. तुम्हीच शिकवलंय. सेकंड साँग."

"म्हणून दाखवू?" विशाखाने विचारलं.

कस्तुरीने वर पाहिलं तेव्हा तिला मुलींच्या पलीकडे एक बाई दिसली. पायघोळ राखाडी अबाया, डोळ्यांवर चष्मा, एका हाताने भिंत धरून ती सॅंडलचा पट्टा सोडत होती, पण कान मुलांच्या बोलण्याकडे होते. फोनवरचा आवाज आठवायची गरजच पडली नाही. मराठी मंडळाच्या बालमेळाव्यात इतक्या बारकाईने ऐकणारं दुसरं कुणी येणं शक्य नव्हतं.

"चालू द्या," सुरैया मॅडम म्हणाल्या आणि आपल्या सॅंडल ढिगाच्या कडेला ठेवून कूलरपाशी उभ्या राहिल्या.

मग मुलांनी ढीग ताब्यात घेतला. आधी नंबर वाचून रांग लावायचं ठरलं, पण एका बुटावर आठ लिहिलेलं आणि तेवढ्याच दुसऱ्यावर बेचाळीस. काहींवर लिहिलेलं झिजून गेलेलं. तेव्हा अरीबाने सुचवलं की तळव्याला तळवा लावून मापायचं. दोघी शेजारी उभ्या, हातात एकेक पायताण, लांबडं असेल ते कूलरच्या बाजूला सरकवायचं. पदं त्यांना पाठ होतीच. 'शेजारणीशी माप जुळव गं' हे तिसरं पद मुळात सात ओळींचं होतं. कॉरिडॉरमध्ये ते तासभर चाललं.

आत प्रेक्षक रिकाम्या स्टेजकडे बघत बाहेरून येणारं गाणं ऐकत होते. काहींना वाटलं, हीच नवी पद्धत असेल. शेवटी एकेक करून ते बाहेर आले, मग सगळेच आले आणि कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून उभे राहिले. मोबाइल वर गेले. नाटक सुरू झालंय हे कळायला त्यांना दुसरी खूण लागली नाही.

"विशाखा, इकडे बघ," रंजिताबाई म्हणाल्या. "हातातलं वर धर. हसून." मग मोबाइलच्या पडद्यावर त्यांना विशाखाच्या हातात काय आहे ते दिसलं. "अगं, ती माझी आहे. पट्टा ओढू नकोस."

शेवटी सगळी पायताणं एका ओळीत लागली. लिफ्टपाशी तान्ह्या बाळाचे लोकरी मोजे, जे कुणीतरी भक्तिभावाने उतरवले होते, आणि कूलरपलीकडच्या फायर एक्झिटपाशी एका सहा फुटी ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरचे बूट. ऋत्विकने मुकुट सारखा केला आणि अरीबाला बरोबर घेतलं. तिचा पाय म्हणजेच माप. दोघं ओळीच्या बरोबर मध्ये जाऊन उभे राहिले. तिथे एका काकांची चप्पल होती. अरीबाने शेजारी पाय ठेवला. चप्पल मोठी.

"इथून पुढचे सगळे," राजपुत्र सुरात म्हणाला, "घरी जा."

मुलींनी 'आम्ही नव्हे, आम्ही नव्हे' धरलं. लोकांनी ताल धरला. राजपुत्र उरलेल्या अर्ध्याच्या मध्ये गेला, मग त्याच्या अर्ध्याच्या. चारशे नगांत नवव्या खेपेला तो जिथे पोचला तिथे डावीकडे अरीबाच्या पायाहून किंचित लहान एक गुलाबी सॅंडल होती आणि उजवीकडे किंचित मोठा एका नर्सचा पांढरा बूट. दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं. ऋत्विकने खाली वाकून हात फिरवून पाहिला, कारण वस्तू पारदर्शक होती. हात फरशीला लागला.

"नॉट फाउंड," तो सरळ उभा राहून म्हणाला. "मिस, इट्स नॉट इन द लिस्ट."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रेक्षकांना वाटलं, संपलं.

"असं कसं नाही?" कस्तुरी म्हणाली. "रावजीकाकांनी स्वतः इथे आणून ठेवलाय. इथेच आहे." आणि दोनशे लोकांसमोर, सुरैया मॅडमसमोर, ती लिफ्टपाशी गुडघ्यांवर बसली आणि पहिल्या लोकरी मोज्यापासून एकेक नग उचलून बघायला लागली. एक, दोन, तीन. नाटकातल्या अडाणी राजपुत्राने याहून वेगळं काही केलं नव्हतं.

ती सदतिसाव्या नगापर्यंत आली तेव्हा तिच्या पुढे राखाडी अबायाची कड येऊन थांबली.

"मिस कस्तुरी, काय करता?"

"मॅडम, एकदा खात्री करून घेते."

"मुलानं सांगितलं ना, यादीत नाही म्हणून?"

"हो, पण..."

"त्याचं काही चुकलं का? ओळ नीट लागली नाही?"

"नीट लागली आहे."

"मग तुम्ही शिकवलंत ते खरं आहे की नाही?"

विनीत दाराशी माइक हातात घेऊन उभा होता. त्याला वाटलं, तिने पटकन मॅडमना काहीतरी गोड सांगून वेळ मारून न्यावी. कस्तुरीच्या हातात एक लहान सॅंडल होती. तिला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. अकरा शाळांनी नाही म्हटलं तेव्हाही वाटली नव्हती, कारण त्या शाळांनी तिला पाहिलं नव्हतं. तिने सॅंडल पुन्हा तिच्या जागेवर, बरोबर मापाच्या जागेवर ठेवली आणि उठली.

"खरं आहे," ती म्हणाली. "ऋत्विक, तुझं बरोबर. त्या जागी नाही म्हणजे कुठेच नाही. मी उगाच शोधत होते."

"इट्स ओके, मिस," ऋत्विक मोठ्या मनाने म्हणाला.

सुरैया मॅडमनी चष्मा पुसला आणि परत कूलरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ते बरं लक्षण की वाईट हे ओळखण्याइतकी कस्तुरी सावध नव्हती.

साडेपाच वाजले. क्लबचा माणूस किल्ल्या वाजवत आला. "खलास," रावजीकाकांनी जाहीर केलं. "हॉल सोडूचो आसा. सगळ्यांनी प्रसाद घेवन जावा. यल्ला, यल्ला." आणि प्रसाद आणायला ते स्टेजकडे गेले.

इथे मंडळाच्या सभासदांना आपली पायताणं कशी लावली आहेत याचा पहिल्यांदाच उलगडा झाला. ज्याने जिथे काढून ठेवलं होतं तिथे काहीच उरलं नव्हतं. कॉरिडॉरच्या मधल्या भागात पुरुषांच्या आठ आणि नऊ नंबरच्या काळ्या चपला एकीला लागून एक अशा लागल्या होत्या आणि त्या सगळ्या अगदी एकसारख्या काळ्या होत्या. ज्याला त्याला आपली काळीच हवी होती. दोनशे माणसं ओणवी होऊन पहिल्या नगापासून शोधायला लागली. नऊ पदं नुकतीच ऐकलेल्यांपैकी एकानेही मध्यापासून सुरुवात केली नाही. अध्यक्षांनी तीन वेळा दुसऱ्याच्या चपला घालून पाहिल्या आणि चौथ्या वेळेला त्याच ठेवून घेतल्या.

सुरैया मॅडमनी विशाखाला बोलावलं. "बेटा, माझ्या सॅंडल काढून देशील?"

"पाय दाखवा," विशाखा म्हणाली. तिने पाय पाहिला, ओळीच्या मध्यावर गेली, तिथून लिफ्टच्या बाजूच्या मध्यावर, तिथून थोडं मागे, आणि अर्ध्या मिनिटात सॅंडल घेऊन आली. गंमत म्हणजे विशाखा पहिल्याच मिनिटात घरी जाणाऱ्या आठजणींपैकी. रंजिताबाईंनी तेवढं मोबाइलवर घेतलं नाही. त्या अनवाणी, फायर एक्झिटच्या बाजूला, दुसरी सॅंडल शोधत होत्या.

दारात रावजीकाका प्रसाद वाटत उभे होते. खडीसाखर, काजू आणि वर दोन झेंडूची फुलं. कस्तुरी रांगेत पोचली, ओंजळ पुढे केली आणि तिची नजर प्रसादाखालच्या भांड्यावर गेली. नितळ, पारदर्शक, लांबट, एका टोकाला झाकलेलं, कडा घासूनपुसून गोल केलेल्या.

"काका," ती म्हणाली. "ह्या तबक खयचा?"

"तूच नाय दाखवलंस? टेबलाखालच्या खोक्यातला," रावजीकाका म्हणाले. "नवा कोरा होता. धुवन, पुसान, प्रसाद भरलंय आणि नटराजाच्या पुढ्यात ठेवलंय. आकार बघ कसो, होडीसारखो. असा तबक एकोणीस वर्सात मंडळाकडे नव्हता."

म्हणजे पोतं भरून एकूण एक पायताण बाहेर नेल्यावर स्टेजवर एकच उरलं होतं. ते देवाच्या पुढे, मधोमध, फुलांसकट.

कस्तुरीच्या मागे जमालुद्दीनभाई उभे होते. त्यांनी आपलं काम लांबूनच ओळखलं. त्यांनी तोंड उघडलं, रावजीकाकांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला आणि पुन्हा मिटलं. मग एक काजू उचलला. "चांगला केलायस हां, रावजी," ते म्हणाले. "पुसताना फडकं मऊ घे. चरे पडतात."

"पुसतंय मरे. दर वर्साक हेच वापरूचा. मंडळाच्या कपाटात कुलपात ठेवतंय."

सुरैया मॅडम आल्या. त्यांनी प्रसादाकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, भांड्याच्या झाकलेल्या टोकाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि मग पलीकडे उभ्या असलेल्या अरीबाच्या पायांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. काजू तोंडात टाकून त्यांनी तो पूर्ण चावला.

"तीन नंबर ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, मॅडम."

"मुलगा बरोबर होता. तिथे नव्हताच." त्यांनी खांद्यावरची पर्स सारखी केली. "रविवारी सकाळी सातला शाळेत या. व्हिसाची कागदं आमचं ऑफिस बघेल. आणि हे," त्यांनी रावजीकाकांकडे डोळ्यांनी दाखवलं, "यांना कळू देऊ नका."

"नाही मॅडम."

"इंशाल्ला, कधीच नाही," सुरैया मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच्या सॅंडल घालून लिफ्टकडे गेल्या. त्या दोनशे लोकांत स्वतःच्या पायताणात घरी गेलेल्या त्या पहिल्या.

कस्तुरीला रडू येत होतं आणि हसू येत होतं, आणि विनीत लांबून हातांनी 'काय झालं, काय झालं' असं विचारत होता. तेवढ्यात तिची साडी कुणीतरी ओढली. अरीबा होती. तिची नजर भांड्यावर होती आणि डोळे भलतेच मोठे झाले होते.

"मिस," ती म्हणाली, "फाउंड."

कस्तुरीने स्वतःच्या ओंजळीतले दोन काजू काढून तिच्या हातावर ठेवले.

"नॉट फाउंड," ती म्हणाली.

अरीबाने क्षणभर विचार केला, दोन्ही काजू एकदम तोंडात टाकले आणि मान डोलावली.